मनीऑर्डर थांबलेल्या गावात

वाचकहो, मार्च महिन्यात कधी आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरायचा योग आला, तर एसटीची खिडकी लावून घेऊ नका. आंबोलीपर्यंत हवा गार असते. घाटाची वळणे उतरता उतरता अंगातला स्वेटर काढावासा वाटतो आणि दाणोली मागे पडली, की एक आंबटगोड वास गाडीत शिरतो. तो पिकल्या काजूच्या बोंडांचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे, त्यांच्या आत काजूची झाडे आणि झाडाखाली पाटी घेऊन वाकलेल्या बायाबापड्या. नवखा माणूस म्हणेल, "किती सुखी मुलूख आहे!"

मी याच मुलखातला. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला माझे गाव आहे. तुम्हाला आज तिथे घेऊन जाणार आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाचे नाव घातले तरी गोष्ट तीच राहील. घाटावर आजरा, चंदगड, गडहिंग्लज तालुक्यांतही ती तशीच ऐकायला मिळेल. गोष्ट आहे कारखाना बंद पडल्यावर गाव कसे जगले त्याची. कारखाना आमच्या गावात नव्हताच. तो पाचशे किलोमीटरवर मुंबईत होता. पण बंद पडला तेव्हा चूल मात्र आमची विझली.

पोस्टमनची वाट

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लालबाग, परळ, वरळी हा सगळा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या गिरण्यांना माणसे पुरवली ती कोकणाने आणि घाटावरच्या कोरडवाहू तालुक्यांनी. आमच्या वाडीत घरटी एक माणूस गिरणीत असे. एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. पहिल्या पाळीचा उठला, की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. जेवण खानावळीत. अशा रीतीने पोटाला चिमटा काढून वाचवलेले पैसे मनीऑर्डरने गावी येत.

महिन्याची दहा तारीख उलटली, की आई खळ्यात उभी राहून पाणंदीकडे बघायची. पोस्टमन दिसला, की तिचा चेहरा फुलायचा. त्या पैशांतून वाण्याची उधारी फिटायची, आमची पुस्तके यायची, गणपती आणि शिमगा व्हायचा. शेती होती, पण ती खाण्यापुरती. पावसाळ्यात भात, नंतर थोडे वायंगण, कुळीथ आणि वरच्या भरडावर नाचणी. सगळी कामे बायका करायच्या. भरडाचा मोठा तुकडा तर नुसता गवताला सोडलेला असे. "मुंबईचा पैसा येतोय ना!" या एका वाक्यावर गाव निर्धास्त होते.

बाबा साचेखात्यात होते. वर्षातून दोनदा ते येत. येताना लोखंडी ट्रंक आणि तिच्यात आमच्यासाठी कापड. ती ट्रंक आमच्या घरात श्रीमंतीची खूण होती.

१८ जानेवारी १९८२

या तारखेला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि माझी ताई चौदा वर्षांची. बाबा शिमग्याला आले ते नेहमीसारखेच. "म्हयन्याभरात मिटतलो," म्हणाले. पावसाळा आला, गणपती झाले, दिवाळी झाली. संप मिटला नाही. तो रीतसर मागे घेतला असे कधीही झाले नाही. काही गिरण्या पुढे अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, काही कायमच्या बंद पडल्या. कित्येकांना परत घेतलेच नाही. आमचे बाबा त्यांतलेच एक.

त्या दिवसांत गावात काय झाले ते सांगतो, कारण कुठलाही कारखाना बंद पडला, की गावात साधारण याच क्रमाने घडते. आधी वाण्याने उधारी थांबवली. मग दुभते जनावर गेले. मग आईच्या गळ्यातले गेले. त्यानंतर शाळा. दोघांना शिकवणे जमणार नाही असे ठरले आणि आठवीतून ताईचे नाव काढले. ती वेंगुर्ल्याला काजू फोडायला जाऊ लागली. रोजंदारी. काजूच्या टरफलातले तेल फार तिखट, कातडी जाळणारे. संध्याकाळी ती परतली, की आई तिच्या बोटांना खोबरेल लावायची. मी शेजारी बसून गणिते सोडवायचो. माझी फी त्या बोटांतून येत होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

पण वाचकहो, पैशाहून मोठा तोटा निराळाच झाला. तो म्हणजे वाट पाहण्याचा. बाबा पडवीत बसून असायचे. गावात असे पंधरा-वीस जण होते. ताकदीचे, हुन्नरी, यंत्राची नस ओळखणारे. मुंबईहून कोणी आले, की सगळे त्याच्याभोवती जमायचे. "गिरणीचा काय कळला?" हा एकच प्रश्न. आई एकदा चिडून म्हणाली, "गिरण संपार गेली, पावस काय संपार गेलो नाय! कुणग्यात चला." बाबा उठले नाहीत. कुणग्यात उतरणे म्हणजे गिरणी गेली हे कबूल करणे, असे त्यांना वाटत असावे. या वाट पाहण्यात आमच्या गावाची सात-आठ वर्षे गेली.

वेंगुर्ल्याची कलमे

या सगळ्या काळात आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर एक काम मुकाट्याने चालले होते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले १९७२ साली. वेंगुर्ल्याचे केंद्र त्याच्याही आधीपासूनचे. काजू मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. आमच्याकडे तो रानात आपोआप उगवे. एक झाड भरपूर देई, दुसरे नुसते पाने मिरवी, कारण बीपासून उगवलेले झाड आईसारखे निघेलच असे नसते. केंद्राने चांगली झाडे निवडली, संकर केले आणि कोवळ्या रोपावर मृदुकाष्ठ कलम बांधायची पद्धत बसवली. १९८१ साली वेंगुर्ला-४ ही जात बाहेर पडली. गावठी बी हातात घेऊन बघा आणि मग ही. एक बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पुढे १९९७ साली आलेल्या वेंगुर्ला-७ ची बी तर दहा ग्रॅमची, म्हणजे शंभर बिया मोजल्या की एक किलो.

गंमत बघा. १९८१ सालीच १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, त्याच साली ही जात आली आणि पुढच्याच वर्षी मनीऑर्डरी थांबल्या. उपाय आधीच दाराशी येऊन उभा होता. आम्ही मात्र पाणंदीकडे पोस्टमनची वाट बघत होतो.

१९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेला फळझाडांची लागवड जोडली. आपल्याच जमिनीत खड्डा खणायचा, झाड लावायचे, जगवायचे आणि त्या कामाची मजुरीही मिळवायची. कोकणाच्या डोंगरउतारावर आज जी हिरवाई दिसते तिच्यात या योजनेचा वाटा फार मोठा आहे. मी तेव्हा दापोलीला बी.एस्सी. करत होतो. सुटीत घरी आलो आणि बाबांना म्हणालो, "वरच्या भरडात काजू लावूया." बाबांचा प्रश्न ठरलेला होता. "उद्या गिरण सुरू झाली तर? झाडांक पाणी कोण घालतलो?"

उत्तर ताईने दिले. तिचे तोवर शेजारच्या गावात लग्न झाले होते. ती माहेरपणाला आली होती. आपले हात पुढे करून ती म्हणाली, "बाबा, धा वर्सां मी दुसऱ्याचे काजी फोडलंय. आता आपले असांदेत." त्यावर बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन वर गेले.

दीड एकरात आठ-आठ मीटरवर नव्वद खड्डे झाले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पहिला पाऊस जमिनीत मुरल्यावर कलमे लावली. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण ऑक्टोबरनंतर कातळ तव्यासारखा तापतो. कलमे मरतात ती पहिल्या दोन उन्हाळ्यांत. बाबा दोन्ही उन्हाळे कावडीने पाणी वर नेत होते. पहाटे चारला उठायचे, पहिल्या पाळीला उठायचे तसे. आई मला हळूच म्हणाली होती, "बघ, तुझो बापूस कामार चललो." नव्वदांतली एकाहत्तर जगली. ती अजून उभी आहेत. बाबा २००९ साली गेले.

माझी चूक

पुढे मी खात्यात लागलो. गावोगाव हिंडून लागवड करून घेतली. कलमाच्या जोडाखालची फूट काढा, शिमग्याआधी गवत कापून जाळरेषा मारा, मोहोरावर ढेकण्या आला तर वेळीच फवारा, बुंध्याशी भुसा दिसला तर रोठा शिरला समजा आणि अळी काढून टाका. हे सगळे मी तळमळीने सांगितले आणि लोकांनी ऐकलेही. दरवर्षी मी खड्डे मोजले, कलमे मोजली, जगलेली झाडे मोजली आणि कागद भरून वर पाठवले.

एक गोष्ट मात्र मोजली नाही. बाजार. दहा वर्षांनी सगळ्यांची झाडे एकदम धरली. मार्च ते मे या तीन महिन्यांत सगळ्या गावाची बी एकदम बाजारात. घरी पैशाची निकड, पावसाआधी घर शाकारायचे, मुलांची पुस्तके. व्यापारी म्हणेल तो भाव. त्यातच आपल्या देशात आफ्रिकेहून जहाजांनी काजू बी येते. तिकडे पीक उदंड झाले, की इकडे आमच्या वाडीतला भाव पडतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "सायबानू, लावूक तुमी सांगितलात. इकूक कोण सांगतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी झाड शिकलो होतो, बाजार शिकलो नव्हतो.

ते उत्तर माझ्या ताईपाशी होते. चला, आता तिच्याकडेच जाऊ.

ताईच्या शेडमध्ये

आमच्या गावातून व्हाळ ओलांडून अर्धा तास चालले, की तिचे गाव. घरामागे पत्र्याची लांबट शेड. परवा गेलो तेव्हा आत बाराजणी कामाला होत्या. सगळ्या एकाच बचत गटाच्या. बहुतेकजणी गिरणीवाल्यांच्या लेकी नाहीतर सुना.

काम कसे चालते ते सांगतो. बी आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची. मूठभर घेऊन हलवली आणि खुळखुळ वाजली, की साठवायला योग्य. ओल राहिली तर आतला गर काळा पडतो. मग लहान बॉयलरमध्ये वाफ द्यायची आणि रात्रभर निवू द्यायची. पूर्वी बी भाजत तेव्हा तेल उडायचे. वाफवण्यात तो त्रास कमी. तरी ताई कोणालाही हातमोज्यांशिवाय कटरला बसू देत नाही. दुसऱ्या दिवशी हातापायाच्या कटरवर बी फोडायची, गर सालीसकट ड्रायरमध्ये सुकवायचा, साल काढायची आणि प्रत निवडायची. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. बाजारात '२४०' आणि '३२०' असे आकडे ऐकता ना, ते एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात त्याचे. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. म्हणून वेंगुर्ल्याच्या टपोऱ्या जातीला किंमत.

ताईची आठवीत सुटलेली शाळा, पण हिशोब पक्का. तिने मला जो सांगितला तो तुम्हाला देतो. शंभर किलो सुकी बी फोडली, की सरासरी पंचवीस किलो गर मिळतो. चांगल्या जातीला थोडा जास्त. म्हणजे एक किलो गरासाठी चार किलो बी. आता आपल्या बाजारातले दोन भाव विचारा, बीचा आणि गराचा. बीच्या भावाची चौपट करा आणि गराच्या भावातून वजा करा. उरलेल्या रकमेतून मजुरी, वीज, सरपण, पिशवी आणि कर्जाचा हप्ता भागवून काही शिल्लक राहते का ते बघा. हिशोब करताना गराचा भाव अख्ख्याचा धरू नका. सगळा गर अख्खा निघत नाही, पाकळी आणि तुकड्याला भाव कमी. राहत असेल तर फोडा. राहत नसेल तर त्या वर्षी बी विका. "मशिनीच्या मायेत पडा नये," असे ती म्हणते.

आणखी एक गोष्ट तिने ठेच खाऊन शिकली. बी विकत घ्यावी लागते तीन महिन्यांत, गर विकला जातो वर्षभरात. मधले नऊ महिने पैसा मालात अडकतो. याला खेळते भांडवल म्हणतात. पहिल्या वर्षी गटाने कर्ज काढून सगळा पैसा यंत्रांत घातला आणि बी घ्यायला हातात काही उरले नाही. एप्रिलात शेड बंद ठेवून बाराजणी दुसऱ्यांकडे रोजाने गेल्या. दुसऱ्या वर्षी उलट केले. सभासदांची बी आधी ठेवून घेतली, निम्मे पैसे लगेच आणि निम्मे गर विकल्यावर. ते आजवर चालू आहे. यात विश्वास लागतो आणि विश्वासाला वही लागते. दर शनिवारी वही सगळ्यांसमोर वाचली जाते.

मी विचारले, "ताई, या सगळ्यात तुला मिळते किती?" ती हसली. म्हणाली, "गिरणीचो पगार नाय मिळणा. पण ह्यो पैसो माझ्या दारातसून कोणी बंद करूक शकणा नाय."

एकाच खांबावर घर नको

वाचकहो, याचा अर्थ काजूने सगळे दुःख दूर केले असा घेऊ नका. कित्येक घरे गावात परतलीच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उठल्या. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपाला तीस वर्षे झाल्यावर. तोवर किती जण उरले होते? आमच्याकडची तरुण मुले आज गोव्याला हॉटेलात, कंपनीत कामाला जातात. त्यात वावगे काही नाही. पण त्याच २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. काही वर्षांनी त्या थोड्या चालू झाल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. तिथे ज्यांनी घर गहाण टाकून ट्रक घेतले होते त्यांचे ट्रक दारात गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. १९८२ चीच गोष्ट, गाव तेवढे निराळे.

काजूवरही सगळा भार टाकू नये. मोहोराच्या वेळी ढग आले, अवेळी पाऊस पडला, की एका आठवड्यात वर्षाचे पीक जाते. ताईच्या घरी म्हणून काजू एकटा नाही. फेब्रुवारीत थोडे ओले गर काढून शेकड्याने विकते. त्याला सुक्यापेक्षा चांगला पैसा मिळतो आणि मोठ्या हंगामाआधी हातात चार रुपये येतात. एप्रिल-मेमध्ये रातांबे. त्यांची सोले, आगळ, सरबत. बोंडांचे सरबत थोडे करून बघितले आहे. आमच्याकडे बोंडे अजून झाडाखाली कुजतात, याची मला खंत आहे. परसात वीस कोंबड्या, व्हाळाकाठी कुळीथ आणि लाल भाजी. धाकटा मुलगा, कोकण रेल्वेने पाहुणे येऊ लागल्यापासून, दोन खोल्या भाड्याने देतो. एकेक धंदा लहानच. पण एक बसला तर दुसरा उभा राहतो.

तुमच्या गावासाठी

तुम्ही हे वाचत असाल ते कुठे कुठे. कोणाच्या तालुक्यात साखर कारखाना बंद पडला असेल, कोणाची सूतगिरणी, कोणाचा दूध संघ. ऊस उभा आहे आणि धुराडे थंड आहे हे दुःख मी जाणतो. तुमचे हक्काचे पैसे, थकलेला पगार, भविष्य निर्वाह निधी यांसाठी जरूर भांडा. कागदपत्रे सांभाळून ठेवा. पण भांडण चालू असताना शेत थांबवू नका. आमच्या गावाने सात-आठ वर्षे वाट पाहिली. ती वर्षे परत आली नाहीत.

पहिल्याच महिन्यात घरातली सगळी माणसे एकत्र बसवा आणि खर्चाची वही काढा. कोणता खर्च थांबवता येईल ते ठरवा. मुलीची शाळा त्या यादीत घालू नका. हे मी एका ताईचा भाऊ म्हणून सांगतो.

मग आपल्याकडे काय आहे ते बघा. पडीक जमीन, पाण्याचा वाटा, परतलेल्या माणसाचा हुन्नर. कारखान्यात फिटर असलेला माणूस गावात पंप, कटर, ड्रायर दुरुस्त करू शकतो. आमच्या बाबांचे हे कौशल्य आम्ही कधी वापरलेच नाही. फळझाडांसाठी २०१८ सालापासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची फळबाग लागवड योजना आहे. लहान अन्नप्रक्रियेसाठी केंद्राची योजना २०२० साली निघाली, तिच्यात खर्चाच्या पस्तीस टक्के अनुदान ठरले. नियम आणि मुदती बदलत असतात, म्हणून तालुका कृषी कार्यालयात जाऊन यंदाचे विचारून घ्या. मात्र अनुदानासाठी धंदा काढू नका. धंदा चालणार असेल तर अनुदान घ्या.

आणि झाड लावायच्या आधीच विचारा, "घेणार कोण? किती? कधी?" ही तीन उत्तरे मिळाली, की मग खड्डा खणा. माझ्याकडून राहिले ते तुमच्याकडून राहू नये. विकण्याआधी मालाची एक तरी पायरी गावात करा. हळद असेल तर शिजवून, वाळवून, दळून. तूर असेल तर डाळ करून. भुईमूग असेल तर फोडून. सगळे नाही जमले तर चौथा हिस्सा करा. चुकले तरी चौथाच हिस्सा चुकेल.

परतताना संध्याकाळी आईकडे थांबलो. ती आता नव्वदीला टेकली आहे. खळ्यात दिवसभराची बी पसरली होती आणि ती काठीने कोंबड्या हाकत बसली होती. बाबांची ती लोखंडी ट्रंक ताई घेऊन गेली आहे. शेडच्या कोपऱ्यात असते. तिच्यात गटाच्या वह्या, पावत्या आणि वजनाची मापे ठेवलेली असतात.

निघताना आईने पिशवीत किलोभर काजूगर घातले आणि म्हणाली, "पैसे ताईच्या वहीत लिव. फुकट नाय हां."

मी लिहून आलो.